वाचकांचे प्रश्न : खांडसहून भीमाशंकर, एका दिवसाची पावसाळी वाट

पावसाळा सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे भीमाशंकरच्या पायवाटांविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : घरातली आणि शेजारची मिळून आम्ही दहा माणसे श्रावणात खांडसहून भीमाशंकरला पायी जाणार आहोत. सर्वांत धाकटा चौदा वर्षांचा आहे आणि सर्वांत मोठ्या काकू बासष्ट वर्षांच्या. शिडीघाटाने गेल्यास धबधबे अगदी जवळून दिसतात असे ऐकतो. कोणती वाट धरावी? त्याच दिवशी परत येता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पायथ्याच्या खांडस गावातून वर जायला शिडीघाट आणि गणेश घाट अशा दोन वाटा आहेत. आपण गणेश घाटानेच जावे, आणि याबाबत ऐनवेळी कोणी कितीही आग्रह केला तरी बेत बदलू नये. शिडीघाटाची वाट थेट कड्याला भिडते. जिथे कातळ चढवत नाही तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, आणि पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी नेमके त्याच बाजूने खाली येते. शिडीचे गज ओले, शेजारचा कातळ शेवाळलेला, आणि मध्यावर एखाद्याचा धीर सुटला तर मागच्या माणसांना धड उभे राहायलाही जागा नाही, अशी तिथली स्थिती असते. सरावलेली चार माणसे कोरड्या दिवसांत ती वाट चढतात. दहाजणांच्या मिश्र वयाच्या मंडळींनी श्रावणात तिच्या वाटेला जाऊ नये.

गणेश घाट लांबचा असला तरी बैलाला आणि डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाला चढता यावे अशा बेताने वळत जातो. गणपतीच्या देवळापर्यंतचा चढ सोपा आहे. पुढे पदरगडाला बगल देत वाट झाडीत शिरते आणि पदरावरच्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या, सपाटीवर येते. शिडीघाटाची वाटही तिथेच येऊन मिळते. इथपर्यंत चढाई निम्मी झाली असे समजावे, कारण यापुढचा जंगलातला चढच खरा दमवणारा आहे. पायथ्यापासून देवळापर्यंत एकूण सुमारे आठशे मीटर चढायचे असतात, आणि आपल्यासारख्या मंडळींना त्यासाठी पाच ते सहा तास सहज लागतात.

आता परतीचे. सकाळी सातला चालायला लागलात तर दुपारी साडेबारा-एकला वर पोहोचाल, आणि ओल्या वाटेने उतरायला चार तास धरावे लागतील. ऑगस्टमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, परंतु ढगाळ दिवशी त्या झाडीत सहालाच अंधारून येते. म्हणून निघण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरवून टाकावे की, दुपारी एक वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग देऊळ अर्ध्या तासावर असो की दहा मिनिटांवर. पदरावर पोहोचायलाच अकरा वाजले, तर तिथेच डबे सोडावेत, समोरच्या कड्यावरून उतरणारे पाणी डोळे भरून पाहावे आणि परतावे. धबधब्यांचे सर्वांत चांगले दर्शन तिथूनच होते. उतरणे टाळायचे असल्यास वर गेल्यावर एस.टी.ने घोडेगाव, मंचरमार्गे पुण्याला जाता येते. मात्र मग डोंबिवलीला पोहोचायला रात्र होईल हे धरून चालावे. श्रावणी सोमवार आणि त्याला लागून येणारा रविवार टाळावा, कारण त्या दिवशी वाटेवर, देवळात आणि एस.टी.त सारखीच दाटी असते.

ओढ्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. ज्या पाण्यासाठी आपण जातो, तेच पाणी परतीची वाट अडवते. माथ्यावर जोराची सर कोसळली की खाली आपल्या डोक्यावर थेंबही नसताना ओढा चढू शकतो. सकाळी ओलांडताना ओढा कुठवर होता ते पाहून ठेवावे. एखादा ठळक दगड लक्षात ठेवला तरी पुरे. नितळ पाणी लालसर झाले, त्यात पाने आणि काटक्या वाहू लागल्या, किंवा तळाशी दगड गडगडल्याचा दबका आवाज येऊ लागला, तर एकानेही पाण्यात पाय घालू नये. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर दोर धरूनही मुलांना आणि वयस्कांना नेऊ नये. अशा वेळी काठावर उंच जागी थांबावे. या कड्यांवरचे ओढे जसे झटकन चढतात तसेच पाऊस ओसरल्यावर लवकर उतरतातही. खांडसहून वाटाड्या बरोबर घेतलात तर हा सगळा अंदाज त्याला आपल्यापेक्षा चांगला असतो. त्याची मजुरी आधी ठरवावी आणि ती देताना घासाघीस करू नये.

प्रश्न : कोकणाच्या बाजूने पाहिले की भीमाशंकरच्या कड्यांवर जागोजागी धबधबे दिसतात, पण दिवाळीत गेले तर बहुतेक सगळे आटलेले असतात. एवढा पाऊस पडूनही असे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. कठीण थरांचे कडे उभे राहतात, मऊ थर झिजून त्यांच्या सपाट्या होतात, आणि म्हणून इथले पाणी टप्प्याटप्प्याने उड्या घेत खाली येते. परंतु माथ्यावरची जमीन पूर्वेकडे उतरती आहे. पाणलोटाची सीमा बहुतेक ठिकाणी कड्याच्या धारेलगतच असल्यामुळे माथ्यावरचे बहुतांश पाणी भीमेकडे वळते आणि पंढरपूरवरून पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. कड्यावरून पश्चिमेला पडणाऱ्या धारांच्या वाट्याला डोक्यावरची चिंचोळी पट्टीच येते. पाऊस थांबला की त्यांना पुरवठा करायला मागे काही उरत नाही. ज्या धारांच्या माथ्यावर दाट झाडी टिकून आहे, त्या अधिक काळ वाहतात, कारण पालापाचोळ्याखालची माती पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. या अभयारण्यातले प्रत्येक जुने झाड जपले जावे असे आम्ही आग्रहाने म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न : धबधब्याखाली उभे राहून भिजायला हरकत आहे का? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : उंच कड्यावरून थेट पडणाऱ्या धारेखाली कधीही उभे राहू नये, कारण पाण्याबरोबर दगडही येतात आणि ते पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाहीत. पावसाळ्यात स्थानिक प्रशासन अनेक धबधब्यांवर जाण्यास बंदी घालते. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याची चौकशी करावी आणि बंदी असल्यास ती पाळावी.

प्रश्न : आम्ही पुण्याहून गाडीने देवळापर्यंत येणार आहोत. आईच्या गुडघ्यांमुळे घाट चढणे शक्य नाही, पण जंगल आणि नागफणी पाहायची इच्छा आहे. शेकरू दिसेल का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : देवळाजवळून हनुमान तळ्याच्या बाजूने नागफणीकडे जाणारी वाट झाडीतून जाते. ती घाटवाटांच्या मानाने सौम्य आहे, तरी शेवटचा चढ आईंनी गुडघ्यांचा अंदाज घेऊनच करावा. तळ्यापर्यंतचे जंगलही पाहण्यासारखे आहे. नागफणीच्या टोकावरून खाली पदरगड आणि दूरवर पेठचा कोथळीगड दिसतो. धुके असेल तर काहीच दिसत नाही, आणि तेव्हा कातळाची कडा नेमकी कुठे संपते तेही कळत नाही. म्हणून धुके विरळ होईपर्यंत धारेपासून बरेच मागे बसून राहावे. वाऱ्यात छत्री उघडू नये. अंगावर रेनकोट असावा.

शेकरू हा आपल्या राज्याचा प्राणी, आणि हे अभयारण्य 1985 मध्ये प्रामुख्याने त्याच्याच रक्षणासाठी घोषित झाले. त्याला जमिनीवर शोधू नये, कारण तो क्वचितच खाली उतरतो. फांद्यांच्या टोकाशी पानाकाटक्यांचे मोठे गोळे दिसतात, ती त्याची घरटी. एक शेकरू एकाहून अधिक घरटी बांधतो, त्यामुळे दिसलेले घरटे रिकामे असण्याची शक्यताही असते. मुसळधार पावसात तो फारसा बाहेर पडत नाही. सकाळी लवकर, पाऊस थांबलेला असताना, फळांनी लगडलेल्या झाडाखाली पंधरा-वीस मिनिटे न बोलता उभे राहावे. आधी वरून फळांची टरफले पडू लागतात, मग पाने हलतात आणि तांबूस पाठीची, लांब झुबकेदार शेपटीची आकृती एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेते. त्याला खायला काहीही टाकू नये. हिवाळ्यात पुन्हा येता आले तर अवश्य यावे. तेव्हा वाटा कोरड्या असतात, नागफणीवरून कोकण स्वच्छ दिसते आणि शेकरू दिसण्याचा संभवही पावसाळ्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो.