मक्यावरची लष्करी अळी: आधी झाडं मोजा, मग पंप भरा

प्रश्न: मका वीस दिवसांची आहे. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, भुस्सा दिसतोय, पानं फाटलीत. दुकानदाराने तीन औषधं एकत्र मारायला दिलीत. मारू का? आणि अनुदानासाठी अर्ज कुठे करायचा?

उत्तर: नका मारू. दुकानदाराने तुमचं शेत पाहिलेलंच नाही.

आधी अळी ओळखा. पोंगा उलगडा, ओला भुस्सा, म्हणजे अळीची विष्ठा, बाजूला करा. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके दिसले, तर ती अमेरिकन लष्करी अळीच. पानावर एका रांगेत भोकं असतील तर तो खोडकिडा. 2018 साली ही अळी आपल्याकडे आली, तेव्हा सगळ्यांचीच धांदल उडाली होती. आता तसं कारण नाही.

मग मोजा. सकाळी शेतात इंग्रजी 'डब्ल्यू'सारखं चाला, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी वीस झाडं बघा. शंभरात पाच-दहा झाडांचे पोंगे ताजे खाल्लेले असतील तरच फवारणी. नसतील तर अंडीपुंज चुरडा, अळ्या वेचा. पोरं शाळेत जायच्या आधी हे काम होतं. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) उगवणीपासूनच लावा. पतंग अडकू लागले की पोंगे तपासायची वेळ झाली. सापळ्यांनी अळी मरत नाही, खबर मिळते. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, महिन्याने बदला. वाळलेली ल्यूर टांगून 'पतंगच नाहीत' म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

फवारायचंच ठरलं तर इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के, 15 लिटरच्या पंपाला 6 ग्रॅम. एकटंच. त्यात दुसरं कीटकनाशक नको, टॉनिक नको, 'थोडं जास्त टाका, लवकर मरेल' तर अजिबात नको. जास्त टाकून अळी लवकर मरत नाही, मित्रकीटक मात्र मरतात. फवारणी संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यात. भर दुपारी वरून उडवलेलं औषध पानावर वाळतं आणि अळी खाली भुश्श्याच्या बुचाआड सुखात असते. मोठ्या अळीवर तर पैसे वायाच. तुरा आल्यावर औषध बंद, हाताने वेचा. आणि पुन्हा सांगतो, तीन बाटल्या एका पंपात नाहीत. चाऱ्याची मका असेल तर रासायनिक औषध नकोच, शेवटी ती जनावराच्या तोंडी जाणार आहे.

अनुदानाचं विचारलंत: अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर, शेतकरी ओळख क्रमांक जवळ ठेवा, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

दुकानातून आणलेल्या बाटल्या परत करा. पक्की पावती घेतली असेल तर.