पुणे विद्यापीठ: १९४८ की १९४९, आणि आवारातल्या इमारतीचं साल कसं काढायचं

प्रश्न दोन आहेत: स्थापनेचं साल कुठे १९४८ तर कुठे १९४९ का दिसतं, आणि ज्या जुन्या इमारतीवर पाटी नाही तिचा काळ कसा ठरवायचा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मुंबई विधिमंडळाने पूना विद्यापीठ कायदा केला १९४८ साली, आणि पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर त्याच वर्षीपासून. स्थापना दिन मात्र १० फेब्रुवारी १९४९. कारभार सुरू झाला भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये, आणि १ जून १९४९ ला तो गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलला. तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी जागेसाठी नेट लावला. तरी सुमारे ४११ एकर (१६६ हेक्टर) जमीन हाती आली ती १९५० च्या सुरुवातीला. म्हणजे कायदा, स्थापना, इमारत आणि जमीन यांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत. लेखात साल टाकताना त्यातली कुठली ते लिहा, निम्मे वाद तिथेच मिटतात. मुख्य इमारत विद्यापीठाने बांधली असं कधी कधी वाचायला मिळतं, ते चूक. तिचं बांधकाम १८६४ ते १८७१ चं, मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी केलेलं.

आता बिनपाटीची इमारत. सगळे आधी कोनशिलेकडे धावतात, पण तिच्यावर सर्वात कमी भरवसा ठेवावा. पाहुणे आले म्हणून शिला बसते, पैसे नंतर येतात, काम त्याहून नंतर. खरा कागद म्हणजे मोजमाप पुस्तक, अभियंता विभागातले लोक ज्याला 'एमबी' म्हणतात ते. खोदाई, जोतं, स्लॅब अशी एकेका टप्प्याची मोजणी त्यात तारखेसह असते. जोत्याची तारीख आणि शेवटच्या स्लॅबची तारीख मिळाली की बांधकामाचा काळ हातात आला. अंतिम बिलावर जाऊ नका. लेखापरीक्षणाचे आक्षेप, अनामत, वाद यांत ते इमारत वापरात आल्यानंतरही रेंगाळतं.

एमबी नसेल तर सुट्या कागदांचं वय ओळखायची एक युक्ती आहे. हिशेबात रुपये-आणे-पै असतील तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'न. पै.' म्हणजे नये पैसे दिसले तर १९५७ ते १९६४ मधला, कारण १ जून १९६४ पासून 'नये' गेलं आणि नुसते पैसे राहिले. ही खूण कोनशिलेपेक्षा पक्की. नकाशावरच्या फूट-इंचांना मात्र एवढं वजन देऊ नका. दशमान मापांचा कायदा १९५६ चा असला तरी ती मापं नकाशांवर यायला वेळ लागला. शिवाय जुन्या नकाशावरून नंतर काढलेल्या प्रतीवर मीटर आढळतात, तेव्हा कोपऱ्यातली तारीख मूळ नकाशाची की प्रतीची ते बघा.

पत्रव्यवहार शोधताना राज्याचं नाव बदलत गेलं हे ध्यानात ठेवा. १९५० पर्यंत मुंबई प्रांत, मग मुंबई राज्य, नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. सूचीत 'पुणे' टाकून काही मिळालं नाही तर 'पूना' टाका, आणि 'गणेश खिंड' असं दोन शब्दांत तोडूनही बघा. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ चा, त्याला कायद्याचा आधार १९५६ ला मिळाला. त्यामुळे त्यानंतरच्या इमारतींची कागदपत्रं दोन ठिकाणी सापडण्याची शक्यता असते: राज्याच्या शिक्षण खात्यात आणि आयोगाकडे. एकाच फाइलीवर विसंबलात तर मंजूर रक्कम हाच खर्च असं धरून बसाल.

आणि वाढीचे आकडे मांडताना एक खड्डा हमखास लागतो. सुरुवातीला विद्यापीठाचं क्षेत्र १२ जिल्ह्यांचं होतं. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं (काही ठिकाणी १९६४ छापलंय, ते धरू नका) आणि पुण्याकडे पाच जिल्हे उरले: पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव. त्या सुमारास संलग्न महाविद्यालयांचा आकडा खाली आलेला दिसला तर विद्यापीठाला ओहोटी लागली असं लिहू नका. आवारातले विभाग आणि त्यांतले विद्यार्थी वेगळ्या रकान्यात घ्या. आवाराची वाढ त्याच रकान्यात दिसेल.