इटलीतून सीआरएफ३००एल आणताय? आधी ओडोमीटर बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी कटकट पुन्हा आठवली, म्हणून सविस्तर लिहितोय. म्युनिकजवळ राहता, इटलीत बोल्झानोकडच्या दोन होंडा सीआरएफ३००एल (रस्ता आणि माती दोन्हीकडे चालणारी, म्हणजे ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकल) डोळ्यांत भरल्या आहेत. पहिली खाजगी मालकाची, ऑक्टोबर २०२४ ची नोंदणी, २,१०० किमी, ४,६०० युरो. दुसरी डीलरकडची, युरो ५ या प्रदूषण मानकाची, कधीच नोंद न झालेली, ५,४९० युरो. शिवाय केटीएम ३९० एन्ड्युरो आर घ्यावी का, हाही प्रश्न आहेच. लायसन्स, इन्शुरन्सचा ईव्हीबी नंबर (नोंदणीसाठी लागणारा विमा कंपनीचा पुष्टी क्रमांक) वगैरे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो.

दुसरी गाडी डोक्यातून काढून टाका. १ जानेवारी २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये पहिल्यांदा नोंद होणारी प्रत्येक मोटरसायकल युरो ५+ लागते. उरलेल्या युरो ५ गाड्यांसाठी 'संपत आलेल्या मालिके'ची सवलत आहे, पण ती कंपनीला मिळते, देशागणिक मिळते आणि तिला संख्येची मर्यादा असते. गाडीच्या सीओसीवर (कंपनीच्या अनुरूपता प्रमाणपत्रावर) तशी खास नोंद असावी लागते. इटलीच्या कोट्यातली गाडी तुम्ही ट्रेलरवर घालून बायर्नमध्ये (म्युनिकच्या राज्यात) आणलीत, तर इथला कारकून सिस्टीम बघून मान हलवेल आणि तुम्ही गॅरेजमध्ये कोरी गाडी बघत बसाल. डीलर 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणेलच. त्याचा प्रॉब्लेम गाडी विकली की संपतो.

पहिल्या गाडीला ही अडचण नाही. ती २०२४ मध्येच रस्त्यावर आली, त्यामुळे युरो ५ असली तरी वापरलेली गाडी म्हणून इथे नोंद होईल. पण खरा फटका तिथेच आहे आणि तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही: व्हॅट.

ईयूच्या व्हॅट नियमांत ४८ सीसीच्या वरची गाडी ताबा घेताना ६ महिन्यांपेक्षा जुनी नसेल, किंवा ६,००० किमीपेक्षा जास्त चाललेली नसेल, तर ती 'नवी'. यातला 'किंवा' नीट वाचा. दोनपैकी एक अट लागली तरी गाडी नवीच धरतात. ऑक्टोबर २०२४ ची म्हणून तुम्ही महिन्यांच्या अटीतून सुटता, २,१०० किमीमुळे पुन्हा अडकता. नव्या गाडीचा व्हॅट ती जिथे जाते त्या देशात भरायचा असतो, विकणारा खाजगी माणूस असला तरीही. म्हणजे ४,६०० च्या १९ टक्के, ८७४ युरो, तुमच्या फिनान्झआम्टला (कर कार्यालयाला). गाडी पडली ५,४७४ ला, वर येण्याजाण्याचा खर्च. ड्युअल-स्पोर्टवाल्यांना हा नियम जास्त चावतो, कारण या गाड्या शनिवार-रविवारीच बाहेर निघतात आणि तीन-चार वर्षांनीही काट्यावर ४,००० असतात.

फॉर्म भरून पैसे जमा करायला ताबा घेतल्यापासून १० दिवस मिळतात. 'फाह्रत्सॉयग-आइन्त्सेलबेश्टॉयरुंग' या नावाने शोधा. आणि इथेच माझा राग आहे. नोंदणी कार्यालयात (कुठलं ते लिहीत नाही) खिडकीवर एक पानी कागद पुढे सरकवतात. त्यात पहिल्या वापराची तारीख, ताबा घेताना काट्यावर असलेले किलोमीटर आणि विकणाऱ्याचं नाव भरायचं. 'हे कशासाठी?' विचारलं तर उत्तर मिळतं, 'फॉर्मॅलिटी'. ती फॉर्मॅलिटी थेट कर खात्याकडे जाते. तिथून पत्र येईपर्यंत १० दिवस कधीच उलटलेले असतात आणि कराच्या रकमेवर उशिराचा आकार चढतो. त्या खिडकीवर एक वाक्य बोललं असतं तर पैसे वाचले असते. करविषयक सल्ला देणं त्यांचं काम नाही हे मान्य, पण भिंतीवर एक सूचना लावायला काय हरकत आहे?

म्हणून माझं मत (मी कर सल्लागार नाही, मोठी रक्कम असेल तर श्टॉयरबेराटरला विचारा): ६,००० किमीच्या आतली गाडी घ्यायचीच असेल, तर १९ टक्के धरूनच घासाघीस करा. खाजगी मालकाला त्याने मूळ भरलेल्या व्हॅटपैकी काही भाग त्याच्या देशात परत मागता येतो. बहुतेकांना हे ठाऊक नसतं, तेव्हा किंमत पाडायला हा मुद्दा वापरा. विकणारा डीलर असेल तर इटलीचा २२ टक्के व्हॅट वगळलेलं बिल मागा. उदाहरणादाखल तुमच्या दुसऱ्या गाडीचीच किंमत घ्या: ५,४९० म्हणजे मूळ ४,५०० अधिक ९९० व्हॅट. ४,५०० वर इथले १९ टक्के ८५५, एकूण ५,३५५. डीलर कचरत असेल तर ९९० त्याच्याकडे अनामत ठेवा आणि इथल्या नोंदणीचा पुरावा पाठवल्यावर परत घ्यायचं लेखी ठरवा. तसं लेखी न देणाऱ्याकडून घेऊ नका, नाहीतर दोन्ही देशांत भराल.

काट्यावर ५,७०० किमी असलेली गाडी सापडली तर मालकाला सांगा, अजून ३०० च्या वर चालव, मग येतो. ताब्याच्या क्षणाचा आकडा धरतात. तो आकडा आणि वेळ करारात लिहून घ्या, ओडोमीटरचा फोटो काढा.

कागद बघताना रकाने बघा. ईयूभर अक्षरं तीच आहेत. बी म्हणजे पहिली नोंदणी, ई चासी नंबर (फ्रेमवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा), पी.२ किलोवॅट, यू.१ उभ्या गाडीचा आवाज, व्ही.९ प्रदूषण वर्ग. यू.१ तुमच्यासाठी महत्त्वाचा, कारण ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये आउसरफेर्न भागाच्या काही रस्त्यांवर हंगामात ९५ डेसिबलच्या वरच्या मोटरसायकलींना बंदी असते, आणि तिथे कागदावरचा आकडा बघतात. पी.२ मध्ये जेमतेम काही किलोवॅट लिहिलेली आणि प्रत्यक्षात ताकदीची मर्यादा काढून मोकळी केलेली एन्ड्युरो कोणी 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणून गळ्यात मारत असेल तर निघून या. परवाना आणि इन्शुरन्स दोन्ही धोक्यात, वर ऑइल दर १५ तास चालवल्यावर बदला.

सीओसी अनेकदा मालकाकडे नसतं. कंपनीकडून मागवायला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून ते हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. पहिल्या नोंदणीला दोन वर्षं झाली असतील तर एचयूही (जर्मनीतली सक्तीची वाहन तपासणी) लागेल. गाडी चालवत आणण्यापेक्षा ७५० किलोचा साधा ट्रेलर भाड्याने घ्या. इटलीची नंबरप्लेट निघाली की मधल्या प्रवासाला कायदेशीर प्लेट मिळवणं हीच एक वेगळी डोकेदुखी आहे.

आता केटीएम. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, म्हणून लोक घाबरतात. ३९० एन्ड्युरो आर मात्र आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते, २०२५ मध्ये केटीएमला सावरायला पैसाही बजाजनेच ओतला, आणि इंजिन ड्यूक ३९० चंच, ३९९ सीसी. इंजिनाच्या पार्ट्सची काळजी मी करणार नाही. युरोपातल्या गाडीला सस्पेन्शनचा प्रवास २३० मिमी आहे. भारतात सुरुवातीला आलेली त्याहून कमी होती, तेव्हा पुण्याचे रिव्ह्यू बघून ठरवू नका. ताकद ४४ पीएस, टाकी ९ लिटर. सीआरएफ २७ पीएस, टाकी ७.८ लिटर, पण १४२ किलोची आणि कमी कुरकुरणारी. उंच सीटची दोघींचीही अडचण आहे, बसून बघितल्याशिवाय ठरवू नका.

मी तुमच्या जागी असतो तर जर्मनीतच डिसेंबर २०२४ मध्ये डीलरने स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवलेली सीआरएफ शोधली असती. युरो ५+ च्या भीतीने तेव्हा डीलरांनी गाड्या धडाधड नोंदवल्या आणि मग सवलतीत काढल्या. देशातला व्यवहार, त्यामुळे व्हॅटची ही भानगडच नाही. फक्त वॉरंटी पहिल्या नोंदणीपासून मोजतात, तेवढं विचारा.

आणि जंगलातल्या वाटांचं: बायर्नमध्ये ते विसरा, वनरस्ते वाहनांना बंद असतात. मातीवर चालवायचं तर इटलीतल्या पिएमोंतेतली अस्सिएत्ता ही डोंगरातली मातीची वाट बघा, पण जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी दिवसा ती मोटरवाल्यांना बंद असते.

पहिल्या गाडीच्या कागदाचा फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. बी आणि व्ही.९ बघून सांगतो.