जखम उकरणं आणि गोष्ट ऐकणं

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी मानसशास्त्रात बीए झाली आहे, कॉलेजात नाटकात रमायची आणि आता तिला युद्ध, दंगल, आपत्ती सोसलेल्या वस्त्यांमध्ये जाऊन नाटक करायचंय. तुम्ही विचारता, ‘यावर पोट भरेल का? आणि लोकांच्या जखमा उकरून काय साधणार?’ ताई, दुसरा प्रश्न आधी घेते. तिला घडवणारा प्रश्न तोच आहे.

जखम उकरली जाऊ शकते, तुमची भीती रास्त आहे. मोठ्या आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत लोकांना सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी खूप वापरली गेली. पुढे अभ्यास झाले तेव्हा तिचा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास तर वाढलेला आढळला. म्हणून माणसाला बोलतं करण्याआधी त्याला थांबता येईल अशी सोय करायला तिने शिकलं पाहिजे.

ती सोय कशी असते ते सांगते. १९७५ साली अमेरिकेत जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी ‘प्लेबॅक थिएटर’ सुरू केलं. प्रेक्षकांतलं कुणीतरी स्वेच्छेने पुढे येतं, मंचाच्या कडेला खुर्चीवर बसतं, आपला अनुभव सांगतं. शेजारी बसलेला सूत्रधार हळूहळू प्रश्न विचारतो. ‘तुमची भूमिका कोण करेल?’ हे सांगणाराच ठरवतो. मग नट तो प्रसंग संहितेशिवाय उभा करतात आणि शेवटी सगळे त्याच्याकडे वळून बघतात. जमलं की नाही हे तोच सांगणार, गोष्ट त्याचीच राहते. मला या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच वाटतो.

पण मग समुपदेशकाच्या खोलीत बसून का नाही? तेही हवंच. पण आघात सगळ्या समाजावर झाला की नुसती दुःखं उरत नाहीत, शेजाऱ्यांमधला अबोला आणि संशयही उरतो. तो चारचौघांतच सुटतो. पेरूमध्ये १९८० ते २००० या काळातल्या हिंसाचारात सुमारे ६९ हजार माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असा तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. २००२ मध्ये आयोगाच्या जाहीर सुनावण्या होत्या, तेव्हा ‘युयाचकानी’ या नाटकमंडळीने बाजारांत, रस्त्यांवर प्रयोग केले. आपल्याकडे अहमदाबादच्या छारानगरात १९९८ पासून ‘बुधन थिएटर’ काम करतंय. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांतल्याच एका जमातीची मुलं तिथे आपली गोष्ट स्वतः सांगतात.

आता पोटापाण्याचं. खरं सांगायचं तर निव्वळ या कामाच्या कायम नोकऱ्या फार थोड्या. बहुतेक काम प्रकल्पापुरतं असतं, निधी संपला की तेही संपतं. म्हणून तिने समाजकार्य किंवा चिकित्सा मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं आणि नाटकाचं प्रशिक्षण सोबत चालू ठेवावं. एक फरक तिला नीट समजावा: समाजासोबत नाटक करणं वेगळं, नाट्योपचार वेगळा. उपचाराला वेगळं शिक्षण लागतं. ब्रिटनमध्ये तर नोंदणी नसताना स्वतःला ‘ड्रामाथेरपिस्ट’ म्हणवून घेणं कायद्याने चालत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणी उपचार करू लागलं, तर मला खरोखर राग येतो.

आणि कार्यशाळेहून आली की ती दोन-दोन दिवस गप्प असते, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते मला ओझरतं वाटत नाही. ऐकलेलं ओझं उतरवायला या कामात अनुभवी मार्गदर्शक लागतो, ज्याच्याशी ठरलेल्या दिवशी बोलता येतं. कुठल्याही गटात जाण्याआधी तिने हेच विचारावं: प्रयोगानंतर सहभागी लोकांसोबत कोण थांबतं, आणि आमच्याशी कोण बोलतं? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे जाऊ नये, मग गट कितीही नावाजलेला असो.

तिला माझा निरोप सांगा. पुढचं पत्र तिने स्वतः लिहिलं तर फार बरं वाटेल.