वडील मौजी स्वभावाचे होते, वर्षश्राद्धाला त्यांच्या गमती सांगितल्या तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की जेवणाआधी पाच मिनिटं बोलायचंय, वडील सगळ्यांना हसवणारे होते आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतायत की असल्या दिवशी थट्टामस्करी शोभत नाही. चालेल का काय विचारता, तेच सांगा. दुसरं काही सांगाल तर ऐकणाऱ्याला कळणारच नाही कोणाबद्दल चाललंय. "मनमिळाऊ, कष्टाळू, देवमाणूस" हे कुणाच्याही फोटोखाली छापता येतं.

आमच्याकडे बाबांच्या बाराव्याला हेच झालं म्हणून लिहायला बसलो.

बाबा मुंबईत कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. राहायला लालबागला चाळीत, गाव संगमेश्वर तालुक्यात. पहिली पाळी करून आले की चहा घेऊन तालमीला पळायचे, कारण शक्ती-तुऱ्यात, म्हणजे कोकणातल्या शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्या गाण्यातल्या सवाल-जवाबात, तुरेवाल्यांच्या बाजूने ढोलकीवर तेच असायचे. परळच्या दामोदर हॉलला सामना असला की अर्धी चाळ तिकडे. घरी पण तेच, साधं बोलणं नाहीच. नळावर दोन बायका भांडल्या की संध्याकाळी गॅलरीत त्या भांडणाचा सवाल-जवाब व्हायचा आणि ज्या भांडल्या त्याच पुढे बसून हसायच्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं एका दिवसात घरी बसली. मी तेव्हा लहान होतो, पण घरातलं सगळं आठवतं. आधी वाटलं महिना-दोन महिन्यांत मिटेल. मग किराणावाल्याने उधारी बंद केली, मग आईच्या पाटल्या गेल्या, आजूबाजूच्या खोल्यांना कुलपं लागायला लागली कारण माणसं बिऱ्हाड घेऊन गावाला जायला लागली. आमच्याकडे रोज भात आणि पातळ डाळ. एका रात्री बाबा ताटावर बसले, वाटीत बघितलं आणि ताटाच्या काठावर बोटांनी ठेका धरून आईला सवाल टाकला:

ऐका शक्तीवाले ऐका, सवाल आहे साधा,
डाळीमधी डाळ दिसंना, पाणी झालं ज्यादा.

आम्ही भावंडं आईकडे बघतोय, आता ही रडणार की चिडणार. आईचं माहेर शक्तीवाल्यांचं. तिने पळी हातात तशीच धरून उत्तर दिलं:

पगार कुठं ते सांगा आधी, नको नुसता वादा,
पैसा आला की डाळही येईल, हिशोब इतका साधा.

त्या रात्री आम्ही जे हसलोय. बाबा उठून आईच्या पाया पडले, म्हणाले, हरलो. मग वर्षभर रोज जेवताना एक तरी सवाल. संपाबद्दल कोणी विचारलं की लोक मोर्चे सांगतात, पुढारी सांगतात, मला ती वाटी आठवते.

आता बारावं. गावच्या घरी पडवीत सगळे बसलेले, कोणी बोलत नाही, भटजींची वाट बघणं चाललंय. माझ्या धाकट्या भावाने विषय काढला आणि "ऐका शक्तीवाले" म्हणून त्या दोन ओळी म्हटल्या. क्षणभर सगळे गप्प. आणि आतून, माजघरातून, आईने आपल्या दोन ओळी पुऱ्या केल्या. बारा दिवसांत तिच्या तोंडून धड शब्द आला नव्हता. बायका हसल्या, पडवी हसली, बाबांचा जुना सोबती डोळे पुसत हसला. आणि मोठे काका उठले. म्हणाले, "घरात माणूस गेलाय की लग्न आहे? आणि नाहीतरी त्याने जन्मभर हेच केलं. नाचला, हसला, संसार बाईने ओढला." सगळे चूप. आई परत गप्प झाली ती कितीतरी दिवस.

काका वयाने मोठे, तिथे कोणी उलट बोललं नाही, पण आता इथे बोलतो. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. पहाटे दादरला भाजीच्या मार्केटात हमाली आणि रात्री एका बिल्डिंगवर वॉचमन, अशी वर्षं काढली त्या माणसाने. आईने चाकरमान्यांची खानावळ घातली हे अगदी खरं, पण चपात्या लाटायला शेजारी कोण बसायचं? चाळीतले पुरुष हसायचे, तर बाबा लाटणं वाजवून त्यांनाच गाणं म्हणायचे. आणि काका ज्या कौलांखाली उभे राहून हे बोलले ना, ती कौलं बाबांच्या मनीऑर्डरीवर चढली. घरात कोणालाच हे माहीत नाही असं नाही, बोलत कोणी नाही.

मला राग याचाच आहे. हसणाऱ्या माणसाला लोक बिनकाळजीचा समजतात. ज्याच्या कपाळावर सदा आठ्या तो जबाबदार आणि जो पोरांना हसवतो तो उडाणटप्पू, हा कुठला न्याय? खिशात दमडी नसताना पोरांना हसत जेवायला लावणं हे सोपं काम वाटतं का कोणाला? २०१२ ला गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली, बाबांचा नंबर लागला नाही. घरी येऊन सांगितलं, घर तयार आहे, फक्त पत्ता कळवायचा राहिलाय. पुढे प्रत्येक पाहुण्याला हेच सांगायचे. नंबर लागायच्या आधी गेले. मला ती गंमत सांगताना आजही हसू येतं आणि संतापही येतो, पण सांगितली नाही तर त्या माणसाने काय सोसलं तेही कळणार नाही.

तर तुमचं. दहा किस्से घेऊ नका, एकच घ्या आणि पूर्ण सांगा. "बाबा खूप गमतीदार होते" असं म्हणून काही होत नाही, ते नेमकं काय म्हणाले, कोणाला म्हणाले, त्या वेळी घरात काय परिस्थिती होती ते सांगा. त्यांची बोलायची लकब तशीच ठेवा, शुद्ध करू नका. आणि काय कष्ट केले ते त्याच किश्श्यात येऊ द्या, म्हणजे कोणी उठून मजेत जगला म्हणायला नको. फोटो पण हसरा लावा, आधार कार्डावरचा मोठा करून लावतात तो नको.

आता एक-दोन गोष्टी आहेत. मौजमजा म्हणजे दारू आणि त्यापायी घरच्यांना त्रास असं असेल तर माझं हे सगळं तुम्हाला लागू नाही, तिथे हसणाऱ्यांपेक्षा सोसणाऱ्यांचं आधी बघावं. माणूस अचानक किंवा तरुण वयात गेला असेल तर वर्षही कमी पडतं. आणि ज्याची फजिती झाली तो समोर बसलेला असेल तर त्याला आधी विचारून घ्या. मुख्य म्हणजे आईला विचारा. कुठला किस्सा सांगणार ते आदल्या दिवशी तिला ऐकवा. ती नको म्हणाली तर नको. ती हसली तर बिनधास्त उभे राहा, मग चुलते काय म्हणतात ते ऐकत बसू नका. आणि कोणी मध्ये उठून बोललंच तर आमच्यासारखे गप्प राहू नका, तिथल्या तिथे उत्तर द्या.