आधी रजिस्टर, मग ड्रिल

फुटबॉल अकादमी हातात घेतली आहेस, तर आधी खेळाडूंच्या नोंदणीचे कागद बघ; ड्रिल्स नंतर. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची पैसे मोजून आंतरराष्ट्रीय बदली झाली, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. बाराव्या ते पंधराव्या वर्षातला एक हंगाम तुझ्याकडे खेळला असेल, तर बदलीच्या एकूण रकमेतला ०.२५ टक्का तुमचा. पुढे हंगामाला ०.५. संघटनेकडे नोंदच नसेल तर हाती धुपाटणं! अर्थात असा पोरगा क्वचितच निघतो, त्या भरवशावर बजेट आखू नकोस. खालच्या लीगमध्ये खरा आधार पालकांचा. त्यांतलाच कोणी गोलची जाळी शिवतो, कोणी रेफरीचा कोर्स करतो. आणि हो, जिंकण्यापायी दहा वर्षांच्या पोराला सतत बाकावर बसवणाऱ्या कोचला वेळीच आवर.