वाचलेलं टिकत नाही म्हणजे डोकं चालत नाही?

"वाचताना सगळं कळतं हो मॅडम, पुस्तक मिटलं की पाटी कोरी." अभ्यासाची अडचण घेऊन माझ्याकडे येणारी एमपीएससीची मुलं हे म्हणतात, सीएची म्हणतात. यंदा म्हणाली ती सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करणारी मुलगी. वय सत्तावीस, शिक्षण बी.कॉम. दिवसा नोकरी करायची आणि रात्री सिक्युरिटी प्लसचा अभ्यास. कॉम्पटिया या अमेरिकी संस्थेची ही संगणक-सुरक्षेची परीक्षा. 90 मिनिटं, जास्तीत जास्त 90 प्रश्न, आणि 100 ते 900 च्या मापावर 750 मिळाले तर पास. फी अशी की नापास होणं परवडू नये. घरी एकच पालुपद, "कॉमर्सवालीनं हे कशाला करायचं?"

तिचं घोडं दोन प्रकरणांवर अडलं होतं, वायरलेस आणि डिजिटल सर्टिफिकेट. वही उघडून दाखवली तर पानंच्या पानं पिवळी रंगवलेली. डब्ल्यूईपी, टीकेआयपी, सीसीएमपी, पीईएपी, सीआरएल, ओसीएसपी. "चार वेळा वाचलंय. माझी बुद्धीच कमी असेल."

बुद्धीचं मला पटेना. जीएसटीच्या, टीडीएसच्या, ऑडिटच्या तारखा या मुलीला तोंडपाठ. कोणत्या क्लायंटचं काय राहिलंय तेही. ज्याच्यामागे काम असतं ते तिच्या लक्षात राहत होतं. पिवळ्या पानांमागे काही नव्हतं. मी वही बाजूला ठेवायला लावली आणि विचारलं, दिवसभर ऑफिसात नेमकं काय करतेस?

"फॉर्म भरते, क्लायंटची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन, लावते, सही करते."

ते टोकन मला समजावून सांग म्हटलं. मला नेटवर्किंगमधलं ओ की ठो कळत नाही, आणि अशा वेळी ते बरंच असतं. ती सांगायला लागली. पेनड्राइव्हसारखं दिसतं, पिन लागतो, पिन सारखा चुकला की लॉक होतं. आतली खासगी किल्ली, जिनं सही होते ती, कॉपी करून बाहेर काढता येत नाही. सर्टिफिकेट देणारी कंपनी आधी माणसाची ओळख तपासते. त्या कंपनीला परवाना देतो कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, 2000 च्या आयटी कायद्याखाली. इथे ती थांबली. "म्हणजे वर रूट, सगळ्या विश्वासाचं मूळ, मध्ये कंपनी, खाली क्लायंट. पुस्तकातली विश्वासाची साखळी हीच की!"

पुढचं तिनंच जोडलं. मुदत संपलेलं सर्टिफिकेट वेगळं, रद्द केलेलं वेगळं. मुदत संपली की नवं काढायचं, हे तिच्या रोजच्या कामातलं. पण टोकन हरवलं तर मुदतीची वाट बघून चालत नाही, ते लगेच रद्द करावं लागतं. अशा रद्द सर्टिफिकेटांची यादी म्हणजे सीआरएल. अख्खी यादी न उतरवता एकाच सर्टिफिकेटाची आत्ताची स्थिती विचारायची सोय म्हणजे ओसीएसपी. आणि वरचाच घसरला तर? 2011 मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीत घुसखोरी झाली, गुगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं. ब्राउझरांनी त्या कंपनीवरचा विश्वास काढून घेतला आणि त्याच वर्षी तिचं दिवाळं निघालं. ही गोष्ट तिनं मला इतकी रंगवून सांगितली की नंतर ती विसरणं शक्यच नव्हतं.

(क्लायंटची टोकनं ऑफिसात एकाच ड्रॉवरमध्ये, पिनची चिठ्ठी टोकनालाच चिकटवलेली, हेही ओघात कळलं. सांगलीत हे एकाच ऑफिसात चालत असेल असं मला वाटत नाही.)

वायरलेससाठी मी तिला एकच प्रश्न धरून ठेवायला सांगितला: आधीच्यात काय मोडलं म्हणून हे आलं? डब्ल्यूईपी ही वायफायच्या सुरक्षेची पहिली पद्धत, 1997 ची. तिच्यात डेटाच्या दर पाकिटासोबत बदलणारा आकडा फक्त 24 बिटांचा, म्हणून तो पुन्हापुन्हा यायचा. 2001 मध्ये त्यातून किल्ली काढता येते हे दाखवलं गेलं. जुनी यंत्रं फेकायला लागू नयेत म्हणून 2003 मध्ये टीकेआयपीची मलमपट्टी, तोच डब्ल्यूपीए. 2004 मध्ये डब्ल्यूपीए2, एईएस ही भक्कम कूटपद्धत घेऊन. त्यातही हवेतून पकडलेली सुरुवातीची देवाणघेवाण घरी नेऊन पासवर्डचा अंदाज लावत बसता यायचं, ते 2018 च्या डब्ल्यूपीए3 नं बंद केलं. मग मोठ्या ऑफिसांचं वायफाय, जिथे आत येणाऱ्याची ओळख तपासतात: ईएपी-टीएलएस पद्धतीमध्ये सर्व्हर आणि वापरणारा दोघांकडे सर्टिफिकेट, पीईएपीमध्ये सर्टिफिकेट फक्त सर्व्हरकडे आणि वापरणाऱ्याचा सहसा पासवर्ड. दोन वैरी प्रकरणं इथे एकाच पानावर आली.

आता तिच्या मूळ तक्रारीबद्दल. पुन्हापुन्हा वाचलं की ओळख वाढते आणि आपल्याला ते येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. त्यामुळे रात्री आलेलं रविवारी गेलं तर त्यात बुद्धीचा दोष नसतो. हायलायटर बंद, कोरा कागद समोर, आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. पहिले काही दिवस कागद लाजिरवाणा दिसतो. ती एकदा चिडून तो फाडूनही आली.

सगळं असं समजून घेऊन येत नाही. लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सेवेचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा दाराचा क्रमांक, 1812, एचटीटीपीएसचा 443, हे सरळ घोकायचं. त्यात कमीपणा नाही.

तिला परीक्षा सप्टेंबरातच द्यायची होती. 30 सप्टेंबरला ऑडिटची मुदत, ऑफिसात रात्री दहापर्यंत दिवे. मी स्पष्ट नको म्हटलं. तिनं दिवाळीनंतरची तारीख घेतली आणि घरी ती कॅलेंडरवर लिहून टाकली, आईला दिसेल अशी. सध्या सराव परीक्षेत ती आकृती जोडायच्या प्रश्नांवर वेळ घालवते. ते सहसा सुरुवातीला येतात, म्हणून आधी बाजूला ठेवून शेवटी त्यांच्याकडे वळायचं, यावर आमचं काम चालू आहे.